अजून पंचगंगा राहिली

"आप्पा, अंघोळ मी घालते. तुम्हाला सवय नाही," सून म्हणाली. पण आप्पा मोटरहोमच्या दाराशी पाटावर पाय पसरून बसलेही होते, आणि पाच महिन्यांची नात त्यांच्या पायांवर पालथी पडली होती.

आप्पांनी ही राहती गाडी घेतल्याला दोन वर्षं झाली, तिच्यात पाहुणे असे आज पहिल्यांदाच आले होते. मुलगा, सून आणि बाळ चार दिवस पठारावर राहणार होते.

नळाखाली बादली, नळ सुरू. पहिला तांब्या ओतताना गेलेल्या बायकोचं गाणं आप्पांच्या ओठांवर आलं. मुलाला ती अशीच न्हाऊ घालायची, एकेका नदीच्या नावानं एकेक तांब्या.

"कृष्णामाई आली, कोयना मागं आली..."

बाळ खुदकन हसलं.

"झाली की अंघोळ," सून म्हणाली.

"अजून पंचगंगा राहिली."

मग वारणा आली, गोदावरी आली, तापीसुद्धा आली. नद्या संपल्या तेव्हा आप्पांनी पुन्हा कृष्णेपासून धरलं. तेवढ्यात पंप नुसताच घरघरला. गाडीची टाकी कोरडी झाली होती.

"खालच्या गावातून आणतो मी, तासाभरात," आप्पा म्हणाले.

"कसलं पाणी असेल कोण जाणे. बाळ आहे बरोबर," मुलगा म्हणाला. "आम्ही आजच निघतो. परत येऊ की."

तो रागावलाही नव्हता, म्हणून आप्पांना भांडताही येईना.

दुपारी त्यांची कार घाट उतरली. आप्पांनी कॅन घेऊन चार खेपा घातल्या आणि टाकी काठोकाठ भरली. एकट्या माणसाला ती आता दहा दिवस पुरणार होती.