डावीकडची सीट

“दोष गाडीत असेल तर गाडीचं बघू. नसेल तर घरातलं मी बघतो,” काका मिस्त्रीला म्हणाले. “पण आज काय तो निकाल लाव.”

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. पुतण्या गॅरेजच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याची बॅग गाडीच्या डिकीत होती. सकाळी काकांनीच ती ठेवायला लावली होती. गाडी निर्दोष निघाली, तर तो इथूनच परस्पर बस स्टँडवर जाणार होता.

“लिटरला किती जाते?”

“काय?” काकांनी डावा कान पुढे केला. उजव्याने त्यांना काहीच ऐकू येत नसे, डाव्यानेही जेमतेमच.

“लिटरला किती जाते म्हटलं!”

“तेरा जायची. गेले चार महिने आठ. तोच रस्ता, तोच चालवणारा.” काकांनी पुतण्याकडे बघितलं नाही. “आणि याच्या खोलीत दोन हात लांब नळी सापडते.”

“कूलरची आहे ती, काका. शंभर वेळा सांगितलं.”

“शंभर वेळा सांगावं लागतं ना, तिथेच पाणी मुरतं.”

“उगाच कुणाच्या नावाने बिल फाडू नका साहेब. आधी बघू तर द्या,” मिस्त्री म्हणाला आणि गाडीखाली सरकला.

टाकी बाहेरून कोरडी होती. “गळत नाही,” तो खालून ओरडला. काकांनी एक बोट दुमडलं.

पाइप, पंप, सगळं कोरडं. दुसरं बोट.

त्याने जॅक लावून एकेक चाक हाताने फिरवलं. चाकं मोकळी फिरली. “ब्रेकही चिकटून राहत नाहीत.” तिसरं.

पुतण्याने खिशातून हात बाहेर काढले. “काकू असती तर तिने तुम्हाला हे करू दिलं नसतं.”

“तिचं नाव काढू नकोस. ती गेली आणि तुला रान मोकळं झालं.”

 पुतण्या बॉनेटवर वाकलेल्या मिस्त्रीच्या पाठीकडे बघत राहिला.

मिस्त्रीने एक प्लग खोलून हातात घेतला. टोक काजळीने काळं ठिक्कर पडलं होतं. मग त्याने एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि कार्बुरेटरच्या तोंडात टॉर्च मारला. बराच वेळ तो आत बघत होता. काकांचं चौथं बोट अर्धवट दुमडलेलं होतं.

“काय निघालं?”

मिस्त्रीने सगळं होतं तसं बसवलं आणि हात पुसले. “एक चक्कर मारू या. तुम्ही चालवा.”

पुतण्या मागे बसला. मिस्त्री पुढे बसायला आला, तसा काकांचा हात डावीकडच्या सीटवर पडला. चार महिन्यांत तिथे कुणी बसलं नव्हतं. पुतण्यालाही ते मागेच बसवत. क्षणभराने त्यांनी हात उचलला.

गाडी सुरू झाली.

“चोक नाही ओढलात?” समोर डॅशबोर्डवरच्या खुंटीकडे बोट करत मिस्त्रीने मोठ्याने विचारलं.

“हल्ली ओढावा लागत नाही. ढिला झालाय. आधीच बाहेर आलेला असतो.”

 इंजिन घरघरत होतं. काकांना ते ऐकू येत नव्हतं, नुसतं स्टिअरिंग हातात थरथरत होतं. पाण्याच्या टाकीचं वळण आलं.

“साहेब, तो परत आत कधी ढकलता?”

“आपोआप जातो. तीस वर्षं जातोय.”

“या गाडीत आपोआप काही होत नाही. इंजिन गरम झालं की चोक हाताने आत ढकलायचा. नाही ढकलला तर हवा कमी मिळते आणि इंजिन नुसतं पेट्रोल पीत बसतं. प्लग त्यानेच काळा झालाय. टाकीतून पेट्रोल चोरलं म्हणून प्लग काळा होत नसतो.” मिस्त्रीने आपल्या सीटवर हात टेकवला. “इथे कोण बसायचं?”

काकांनी गाडी कडेला घेतली.

या वळणावर काकू रोज पुढे वाकायची. पायाशी ठेवलेली पिशवी सारखी करत असेल, असं त्यांना वाटायचं. तीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

“मी चालत जातो,” म्हणत मिस्त्री उतरला. इंजिन चालूच होतं.

मागचं दार उघडल्याचं काकांना कळलं नाही. आरशात डिकीचं झाकण वर गेलेलं दिसलं आणि मागचं सगळं झाकलं गेलं. मग ते खाली आलं. मागे मोकळा रस्ता होता. पुतण्या नव्हता.

डावीकडचं दार उघडलं. पुतण्या बॅग मांडीवर घेऊन बसला. तोही समोरच बघत होता.

“गरम झालं की नाही, मला ऐकू येत नाही,” काका म्हणाले.

“कधीचंच झालंय.”

“मग?”

पुतण्याने एका हाताने बॅग धरली आणि अंगठ्याने चोक आत ढकलला. काकांच्या हातांत स्टिअरिंग शांत झालं. रोज ते इथेच असं शांत व्हायचं. हातांना ते आठवत होतं.

“बॅग मागे टाक,” काका म्हणाले. “अवघडशील.”

“आधी जायचं कुठे ते सांगा.”

काकांनी घराच्या बाजूचा इंडिकेटर लावला. रस्त्यावर दुसरी एकही गाडी नव्हती.