परदेशातली मालकीण

रंगुबाईनं आपली गोधडी अझीमच्या खाटेवर टाकली, तेव्हा तो बिचारा ओशाळला.

"मावशी, मग तुम्ही काय घेणार?"

"माझं बघीन मी. तू गप पड."

अझीम देवळाली प्रवराच्या त्या घरात भाड्यानं राहायला येऊन वर्ष होत आलं होतं. अफगाणिस्तानातून इकडं शेतीचं शिकायला आलेला. रंगुबाईचा एकुलता एक हर्षल त्याच सुमारास शिकायला आयर्लंडला गेला आणि त्याची खोली अझीमला मिळाली. पोरांची ओळख फोनवरच झाली. आता तर रोज अर्धा-अर्धा तास गप्पा चालायच्या.

"आईशी पाच मिन्टं बोलतो, आन् ह्याच्याशी बोलाया बरा टाइम हाय!" रंगुबाई कुरकुरायची. पण ते आपलं वरवर. पोराला तिकडं घरमालकीण भेटली होती लाखात एक, त्यामुळं तिला घोर नव्हता.

गोधडी दिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी हर्षल म्हणाला, "आई, मालकिणीनं तिची सोताची रजई दिली मला. मस्त ऊब हाय."

रंगुबाई चाट पडली. मग तिनं एकेक आठवून पाहिलं. बुधवारी अझीमला हुलग्याचे शेंगोळे वाढले होते, गुरुवारी हर्षलला मालकिणीनं पिठाच्या गोळ्यांचं गरम सूप दिलं. अझीमच्या शर्टाला बटणं लावली, तर तिकडं त्या बाईनं हर्षलचा उसवलेला कोट शिवून दिला. एकदा रागाच्या भरात अझीमपुढं शिळी भाकरी आदळली होती. दुसऱ्या दिवशी हर्षल काय म्हणाला? "आज आपला वाळका ब्रेड." रंगुबाईनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली.

"हितं वाढलं का तिथं माझ्या लेकराच्या पानात पडतंय बघ," तिनं शेजारच्या रतनबाईला सांगितलं.

"मंग तूप वाढ की चांगलं वाटीभर!" रतनबाई खो खो हसली.

रंगुबाईला चेष्टा कळेल तर शपथ! तिनं खरंच तूप वाढायला सुरुवात केली. महिन्याभरात अझीमचे गाल वर आले.

एका शुक्रवारी मात्र हर्षलचा आवाज पार खोल गेला होता.

"ताप हाय जरा. व्हिडिओ नको आई, नेट चालत न्हाई."

दीड महिना झाला, त्यानं तोंड दाखवलं नव्हतं. लेकरू सातासमुद्रापार तापानं फणफणलेलं, कपाळावर हात ठेवायचा म्हटलं तरी पोचत नाही. तिनं डोळे पुसले आणि हाक मारली, "अझीम, बस हितं पाटावर."

"मावशी, मी तर ठणठणीत आहे."

"म्हनून काय झालं?"

तिनं मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या मुठीत घेऊन त्याची दृष्ट काढली. सगळं चुलीत टाकलं. ठसका म्हणून उठला नाही.

"बघ, केवढी लागली हुती!"

अझीम हसत हसत फोन घेऊन अंगणात गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हर्षलचा फोन आला तेव्हा अझीम जेवायला बसला होता. रंगुबाईचे हात पिठाचे, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"ताप उतरला का रं?"

"उतरतोय." आवाज अजून गुंगीतलाच होता. "मालकिणीनं लई केलं, आई. मीठ-मोहरी, मिरच्या उतरवल्या माझ्यावरून. ठसकासुदिक उठला न्हाई."

रंगुबाईचा चेहरा फुलला. "बघ, मी म्हनत न्हवते का..."

आणि ती तिथंच थांबली. अझीमचा घास हातातच राहिला होता. त्यानं मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

रंगुबाईनं पिठाच्याच हातानं फोन उचलून कानाशी धरला.

"हर्षल, बाळा, पोटभर जेवून तुला किती दिस झालं रं?"