भाऊबीजेआधीची लस

“तू फ्लूची लस घेतल्याशिवाय मी भाऊबीजेला तुझ्याकडे पाटावर बसणार नाही, ताई,” मास्कआडून दिगंबर म्हणाला.

सात महिन्यांपूर्वी याच ताईने त्याला आपली अस्थिमज्जा दिली होती. तो वाचला, पण साधा फ्लूही अजून जिवावर बेतला असता. म्हणून त्याने स्वतः लस घेतली होती, आणि डॉक्टरांनी जवळच्या माणसांनाही घ्यायला सांगितलं होतं. ताई मात्र दवाखान्यातल्या बाकाला चिकटून बसली होती.

“लहानपणी देवीची लस टोचणारे गावात आले, तेव्हा कणगीत लपली होतीस म्हणे! तीन माणसं शोधत होती.”

“चार,” ताई म्हणाली.

“मग माझ्यासाठी कमरेत एवढी मोठी सुई घालायला नेत होते, तेव्हा हसत कशी होतीस?”

“तू बघत होतास ना. मी रडले असते, तर तू नकोच म्हणाला असतास.”

दिगंबरने तिला धरायला आपला हात पुढे केला. तिने तो करकचून धरला आणि डोळे मिटले.

“झालं, आजी,” नर्स म्हणाली.

ताईने डोळे उघडलेच नाहीत. “बासुंदी करू की खीर?”

“दोन्ही. पण आता माझा हात सोड.”