काकांचा तास

घड्याळं दुरुस्त करणारे काका स्कॅनच्या टेबलावर सपाट झोपले आणि दोन मिनिटांत त्यांचा श्वास अडकला. त्यांना मोटर न्यूरॉनचा आजार होता. मेंदूतले पांढरे तंतू किती झिजले, हे दर सहा महिन्यांनी पाहायचं होतं. संशोधनात तुलनेला निरोगी मेंदू काकूंचा; दोघांना मशीनवर एकेक तास दिला होता.

काकांना बाहेर काढून चाकांच्या खुर्चीत बसवलं.

"मी म्हणतच होते, नको जायला. पण यांचा हट्ट!" असं पुटपुटत काकू आत गेल्या.

स्कॅन काढणाऱ्या ताई सकाळपासून उभ्या होत्या. त्या वैतागल्याच.

"काका, सपाट झोपवत नाही हे घरीच कळलं होतं ना? काल मी मुद्दाम मेसेज करून विचारलं, तर तुम्ही 'जमेल' म्हणून कळवलंत. काकूंना किती हेलपाटा पडला!"

आजारात काकांची वाचा गेली होती. मांडीवरच्या फोनवर ते एका बोटाने लिहू लागले.

"नाही म्हटलं असतं, तर तुम्ही तिलाही बोलावलं नसतं. घरी रात्री दर तासाला उठून ती मला सावरून बसवते."

ताईंनी आतल्या कॅमेऱ्यात पाहिलं. मशीनच्या एवढ्या धडधडाटात काकू गाढ झोपल्या होत्या. त्यांचा स्कॅन आणखी पाच मिनिटांत संपणार होता.

काकांचं बोट पुन्हा हललं.

"माझा तास रिकामाच आहे ना? तो तिला द्या."