बरे झालेले उंदीर

जिन्साकु काबाशिमाला उंदीर बघायचे होते. बरे झालेले.

"एक तरी दाखव," तो मुलीला म्हणाला. "लांबूनच बघतो. हात नाही लावणार."

फुमिए त्याचा दंड धरून विद्यापीठाच्या आवारातून चालली होती. दंड कसला, नुसती कोटाची बाही. सकाळपासून ती त्याच्या नजरेला नजर देत नव्हती. इस्पितळात डॉक्टरांनी तिला एकटीलाच आत बोलावलं होतं आणि म्हातारा थर्मास मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसला होता. रिवाजच तसा. असली बातमी घरच्यांना सांगायची, रोग्याला नाही. "वसंतात आणलं असतंत तर काढली असती गाठ," डॉक्टर म्हणाले. "आता पोट उघडण्यात अर्थ नाही. त्यांना काही बोलू नका." बाहेर येऊन तिनं बापाला सांगितलं, "बघू म्हणालेत."

वसंतात तिनं काय कमी डोकं फोडलं होतं? पण म्हातारा हट्टाला पेटला होता. जन्मभर क्युशू बेटावरच्या डोंगरात ओकच्या ओंडक्यांवर त्यानं शिताके पिकवली. त्याच अळंबीच्या अर्कानं मुलगी उंदरांच्या गाठी विरघळवते असं पेपरात आलं, आणि गावच्या सोसायटीत तिचा फोटो लागला. तेव्हापासून तो रोज वाळवलेली शिताके उकळून प्यायचा. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की उसळायचा.

"माझी पोरगी उंदीर बरे करते आणि मी दुसऱ्याच्या सुरीखाली आडवा होऊ? गाव तोंडात शेण घालेल माझ्या."

"बाबा, उंदीर वेगळा, माणूस वेगळा. आम्ही टोचतो तो अर्क. तुम्ही पिता ते नुसतं सार."

"मग इतकी वर्षं तू काय उंदरांचं भलं करत बसलीस?"

 

आज प्रयोगाचे प्राणी ठेवायच्या इमारतीमागे माणसं जमली होती. वर्षातून एकदा तिथल्या उभ्या दगडापुढे प्रयोगात गेलेल्या जनावरांची आठवण करतात. सगळ्यांच्या हातात एकेक पांढरी शेवंती. पायरीवर उंदरांचं खाद्य ठेवलेलं, सशांसाठी गाजरं. प्राध्यापक सुगाया कागदावरून वाचत होते, "आपले प्राण देऊन आम्हांला ज्ञान देणाऱ्या..." मागे कुणीतरी शिंकलं. प्राध्यापकांनी वाचणं थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

जिन्साकुच्या हातीही कुणीतरी शेवंती दिली. त्यानं टोपी काढली. "हे कुणासाठी?"

"उंदरांसाठी," फुमिए कुजबुजली.

"म्हणजे ज्यांना गुण आला नाही, ते."

तिनं त्याची टोपी आपल्या हातात घेतली.

"चांगलं करता. मुकं जनावर असलं म्हणून काय झालं? पण आपले कुठायत? बरे झालेले? त्यांच्यासाठी खाऊ आणलाय मी." त्यानं खिशावर थाप मारली. खिशात भाजलेली चेस्टनटची फळं वाजली.

खोटं बोलता आलं असतं. पण आजच्या दिवसात आणखी एक खोटं तिच्या तोंडून निघेना.

"तेही यातच आहेत, बाबा."

"कशात?"

तिनं दगडाकडे बघितलं. "गाठ खरंच गेली का, ते आत बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून मग शेवटी..."

"सगळे?"

"सगळेच."

म्हाताऱ्यानं हातातल्या फुलाकडे बघितलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय असं वाटून तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर तो हसत होता.

"काय नशीब घेऊन आले बिचारे! गुण नाही आला तर मेले, गुण आला तर कापले." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "आणि मी येडा, त्यांच्या भरवशावर गावभर मिरवत होतो. जाऊ दे पोरी. हे एवढेएवढे जीव सुरीला सामोरे गेले, मग मीच कशाला पळपुटा होऊ? सांग तुझ्या डॉक्टरांना, कापा म्हणावं. उद्या म्हणाले तर उद्या."

हे ऐकायला ती वसंतापासून तरसली होती. आज ऐकलं आणि धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"सांगते," ती म्हणाली.

"तोंड का पाडलंयस मग? तुझ्या मनासारखं झालं ना?"

"झालं, बाबा."

रांग सरकली. जिन्साकुनं शेवंती ठेवली, शेजारी चेस्टनट ठेवली आणि गुडघे धरत खाली बसला. थर्मासचं झाकण फिरवलं. फुमिएच्या आईच्या थडग्यावर पाणी घालायचा तसं त्यानं ते सार दगडावर वरून हळूहळू ओतलं. वाफ निघाली. फुमिएच्या नाकाशी घरचं स्वयंपाकघर आलं, चुलीवरचं पातेलं, आणि ते ढवळत उभा असलेला बाप.

"घ्या रे पोरांनो," तो दगडाला म्हणाला. "माझं आता याच्यावाचून अडत नाही."

थर्मास उलटा करून त्यानं शेवटचे थेंबही झटकले आणि तो तिच्या हातात दिला. त्याला उठवण्याआधी तिनं वाकून रिकाम्या थर्मासात बघितलं.

"थोडं ठेवायचं होतं, बाबा," ती म्हणाली.