काढलेली पिशवी

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता डॉक्टर डिंपल यांनी सोनोग्राफीचं यंत्र कौशल्याबाईंच्या पोटावर थांबवलं आणि सांगितलं, "मावशी, गर्भपिशवीच्या आतलं अस्तर जाड झालंय. चौदा मिलिमीटर. तुमच्या वयात चारच्या आत पाहिजे. तुकडा घेऊन तपासायला पाठवावा लागेल."

कौशल्याबाई पडल्या पडल्या हसल्या. उशाशी उभ्या असलेल्या सुनेकडे, दीपमालाकडे त्यांनी पाहिलं. ऐकलं ना, अशा नजरेनं.

"कोन्ती पिशवी वं बाई? माही पिशवी काढून बारा वर्सं झाली."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, मग पोटाकडे. ओटीपोटावर जुनी आडवी चीर होती. त्यांनी यंत्र पुन्हा फिरवलं.

"पिशवी आहे, मावशी. जागेवर आहे."

कौशल्याबाई एकसष्ट वर्षांच्या. बीबी गावच्या बाजारात त्यांनी जन्मभर भाजी विकली होती आणि समोरचा खोटं बोलतो की खरं, हे आपल्याला आवाजावरून कळतं, असा त्यांचा समज होता. चार महिन्यांपासून त्यांच्या अंगावरून लाल जात होतं. पिशवीच नाही म्हटल्यावर भ्यायचं कशाला? उष्णता असेल, म्हणून त्या सब्जा आणि धन्याचं पाणी पीत राहिल्या. शेवटी दीपमालाला धुण्यात डाग दिसले आणि ती त्यांना या नव्या दवाखान्यात घेऊन आली.

बारा वर्षांपूर्वीची डॉक्टरीणसुद्धा 'मावशी'च म्हणाली होती. मोठ्या गावातल्या एका हॉस्पिटलाची जीप आली, गावातल्या बाया भरून घेऊन गेली. तिथंही असंच यंत्र होतं. पिशवी खराब झाली, काढली नाही तर कॅन्सर होईल, असं सांगितलं होतं. एकदा काढलेली पिशवी दुसऱ्यांदा काढायला निघालेली ही पहिलीच डॉक्टरीण, असं कौशल्याबाईंना वाटलं. त्या लुगडं सावरत बाहेर आल्या.

बाहेर बाकावर त्यांची धाकटी जाऊ, जनकाबाई बसली होती. त्याच दिवशी, त्याच हॉस्पिटलात, शेजारच्या खाटेवर तिचंही ऑपरेशन झालं होतं. पोटावर तशीच आडवी चीर.

"तू आत चाल," कौशल्याबाई तिच्या कानाशी लागल्या. "चीर सिझरची हाये म्हन. पिशवीचं नाव काढू नको."

"काऊन वं बाई? मले काय झालं?"

"कंबर दुखते म्हन. दुखतेच ना तुही? पानी पे आधी, पोट फुगल्याबिगर त्या मशीनले दिसत नाही."

जनकाबाईनं दोन तांबे पाणी रिचवलं आणि अर्धा तास चुळबुळत काढला. दीपमाला म्हणाली, "आत्या, हे काई बरं नाही." कौशल्याबाईंनी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

पाऊण वाजता जनकाबाई आडवी झाली. कौशल्याबाई पडद्याकडे पाहत नव्हत्या. त्या डॉक्टरांचं तोंड पाहत होत्या. आता म्हणणार, अस्तर जाड झालंय. आता म्हणणार, तुकडा. तसं म्हटलं की तिथंच हिशेब चुकता करायचा, अख्ख्या बाजाराला सांगायचं.

डॉक्टरांनी बराच वेळ यंत्र फिरवलं. मग विचारलं, "सिझर म्हणालात ना?"

"हाव," जनकाबाई म्हणाली.

"सिझर नाही हे. तुम्हाला पिशवीच नाहीये. पूर्ण काढलेली आहे. दोन्ही अंडाशयंसुद्धा."

जनकाबाई खदाखदा हसली. "बाई, पास झाली वं तुही डॉक्टरीन!"

कौशल्याबाई हसल्या नाहीत. ऑपरेशननंतर दोनदा लाल गेलं होतं, ते त्यांना आठवलं. आतली जखम वाहते, असं हॉस्पिटलातून सांगितलं होतं. मग ते आपोआप थांबलं. तेव्हा त्या एकोणपन्नासच्या होत्या. त्या वयात ते कुणाचंही थांबतं.

जनकाबाईचं हसू हळूहळू विरलं. ती उठून बसली.

"मंग माहीच काऊन काढली? मी अडतीस वर्साची होती. मले तं नुसतं पांढरं जात होतं."

डॉक्टरांनी जुने कागद मागितले. दीपमालानं नवऱ्याला, शेखरला फोन लावला. घरी एकही कागद नव्हता, सगळे हॉस्पिटलानं ठेवून घेतले होते. ते हॉस्पिटल आता बंद आहे. त्या इमारतीत शिकवणीचे वर्ग चालतात.

कौशल्याबाईंनी जनकाबाईला हात धरून खाली उतरवलं आणि स्वतः टेबलावर चढल्या.

"घे तुकडा," त्या म्हणाल्या.

दुपारी नमुना प्रयोगशाळेत गेला. शनिवारपर्यंत रिपोर्ट आलेला नव्हता. तोवर त्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालेल्या गावातल्या आणखी सहा बाया येऊन तपासून गेल्या. दोघींची पिशवी जागेवर निघाली. त्यांच्यासारखंच तिथं ऑपरेशन झालेल्या तानुबाईला दीपमाला दोनदा बोलवायला गेली. तानुबाईच्याही अंगावरून दोन महिन्यांपासून लाल जातंय. ती यायला तयार नाही. आपली पिशवी काढलेली आहे, असं तिचं म्हणणं आहे.