अंबाजीचं सुतक

सकाळी सरुबाईंनी लुगड्यासकट डोक्यावरून गार पाणी ओतून घेतलं आणि नातसुनेला बजावलं, "सारिका, ग्यास पेटवू नगं. सुतक हाय."

"अगं बया! कुणाचं वो आजी?"

"माज्या बाचं."

सारिकानं कपाळाला हात लावला. सरुबाई पंच्याण्णवीच्या घरात. बापाचं तोंड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पाहिलं ते काल संध्याकाळी, लोणावळ्याच्या सभागृहात, पडद्यावर.

मुका सिनेमा होता. एकीकडे मराठ्यांचं आरमार, दुसरीकडे चाचे, मधे नुसता धूर. ती जुनी रिळं जुने सिनेमे जतन करणाऱ्या पुण्याच्या चंद्रिकानं शोधून, धुऊन-पुसून काढली होती. सिनेमाच्या कंपनीचा तळ तेव्हा कार्ल्यात पडला होता आणि गावचा अंबाजी, म्हणजे सरुबाईंचा बाप, कंपनीसोबत गेला होता, हे कळल्यावर चंद्रिकानं त्याच्या घरच्यांना मुद्दाम बोलावलं. चाच्यांच्या गलबतावर डाव्या हातात तलवार घेतलेला एक उंच गडी आला, तशी अख्खी रांग मान वळवून सरुबाईंच्या नातवाकडे, निलेशकडे बघायला लागली. तेच नाक, तीच हनुवटी, तोच डावरा हात. मग मराठ्यांच्या सरदारानं त्याच्या छातीवर वार केला, तो हात पसरून समुद्रात पडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या सरुबाई तेवढ्या "बा गं माजा!" म्हणून ओक्साबोक्शी रडल्या.

गावाला काय, आयतं कोलीतच मिळालं. टपरीवर निवृत्ती म्हणाला, "पडद्यावर मेल्याचं सुतक? मग आमाला टीव्हीपायी रोजच दहावं घालावं लागंल की!" लोक खो खो हसले. लोणावळ्याला पर्यटकांची गाडी चालवणारा निलेश त्या दिवशी गाडी न काढताच घरी बसला.

पण हसणाऱ्यांना मागची हकीकत ठाऊक नव्हती असं नाही. अंबाजी कंपनीबरोबर घाट उतरून कोकणात गेला, तेव्हा सरुबाई आईच्या पोटात होत्या. पुढं कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला, की काम संपलं, अंबाजी परस्पर मुंबईला गेला, नट व्हायचंय म्हणाला. झालं! नवऱ्यानं टाकलेली म्हणून आईनं जन्मभर टोमणे खाल्ले. कुंकू मात्र पुसलं नाही. सरुबाई तर बापाचं नाव निघालं की थुंकायच्या. सर्वपित्रीला सगळ्यांना घास जायचा, त्याला कधी गेला नाही.

दुपारी चंद्रिका कार्ल्याला आली. सुतकाचं तिच्या कानावर गेलं होतं आणि तिला फार वाईट वाटत होतं. ओट्यावरच निलेशनं तिला गाठलं.

"आजींना समजावते," ती म्हणाली. "रिळांच्या शेवटच्या डब्यात सिनेमात न वापरलेले तुकडे निघालेत. अंबाजी पाण्यात पडतात, त्याच्या पुढचाही आहे. कॅमेरा चालूच राहिलाय. मी अजून पाहिला नाही, पण असे तुकडे खूप बघितलेत. माणूस हसत वर येतो, कुणीतरी अंग पुसायला पंचा देतं. ते पाहिलं की आजी सावरतील."

"मॅडम, हात जोडतो, त्येवढं दाखवू नका."

"का हो?"

"तितं मेला आसंल, तर आमाला टाकून गेला न्हाई. हसत वर आला, तर गेलाच की! आजीनं जलमभर शिव्या घातल्या त्याला. काल पयल्यांदा 'बा' म्हणाली. राहू द्या तिचं तिला."

चंद्रिकानं बाहेर काढलेला लॅपटॉप पुन्हा पिशवीत सरकवला.

"काय आणलंय गं पोरी?" दारातून आवाज आला. ओल्या केसांच्या सरुबाई चौकटीला धरून उभ्या होत्या.

"काही नाही आजी. कालचाच खेळ आहे."

"आइकलंय मी समदं. दाव."

"आजे, ऱ्हाऊ दे ना," निलेश काकुळतीला आला.

"तू गप ऱ्हा. मला काय येडी समजलास व्हय रं? सिनिमात मेलेला मरत न्हाई, ठावं हाय मला." त्या हळूहळू खाली बसल्या. "माजी आय त्याच्यापायी कदी रडली न्हाई. कपाळाला कुकू आसलेल्या बाईनं मोठ्यानं रडायचं कसं? तिचं बी मी काल रडून घेतलं. आता वर आला आसंल तर आसू दे. खरं काय ते बगून मरू दे मला."

निलेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला ते हसणं बघायचं नव्हतं. चंद्रिकानं लॅपटॉप सरुबाईंपुढे ठेवला आणि चित्र सुरू केलं.

अंबाजी हात पसरून पाण्यात पडला. लाटा आल्या, गेल्या. वार करणारा सरदार छाती काढून उभा होता. थोड्या वेळानं तो कठड्यावरून वाकला. मग त्यानं डोक्याचं पागोटं ओरबाडून काढलं आणि ते उलगडत त्याचं टोक पाण्यात सोडलं. डेकवर मरून पडलेला एक चाचा मान उचलून बघायला लागला आणि धावत सुटला. त्याच्यामागून दुसरा, तिसरा. तलवारी टाकून चाचे आणि मराठे एकाच जागी पाण्यात उड्या घेऊ लागले. कुणी बुडी मारून वर यायचं, मान हलवायचं, पुन्हा बुडी मारायचं.

रीळ संपलं तेव्हा मेलेले सगळे उठले होते. एक अंबाजी तेवढा वर आला नव्हता.